मदत हवी आहे : राजीनामा दिला की घेतला?

नमस्कार मंडळी, प्रश्न बहिणीचा आहे. गेल्या आठवड्यात एचआरने तिला केबिनमध्ये बोलावून टाइप केलेला राजीनामा पुढे ठेवला. "आत्ता सही करा, नाहीतर काढून टाकल्याचं पत्र देतो." घरी विचारून सांगते म्हणाली, तर तेवढाही वेळ दिला नाही. रडतरडत सही केली. कागदावर मात्र 'वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने'! (सही तिची, शब्द त्यांचे.)

दुसऱ्याच दिवशी तिने ईमेल केला, की राजीनामा दबावाखाली घेतलाय, मी तो मागे घेते. उत्तर नाही.

मला कळलंय ते असं, की राजीनाम्यामागे नोकरी सोडायची खरी इच्छा हवी. धमकावून घेतलेली सही म्हणजे काढून टाकणंच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८२ चा १५८ क्रमांकाचा करारही म्हणतो, की योग्य कारणाशिवाय कामावरून काढू नये.

पण दबाव सिद्ध कसा करायचा? केबिनमध्ये तिसरं कुणीच नव्हतं. तो ईमेल आणि त्याच संध्याकाळी तिने मला केलेले व्हॉट्सॲप मेसेज पुरावा म्हणून उपयोगी पडतील का? आणि फुल अँड फायनलचे (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबाचे) पैसे घेतले तर राजीनामा मान्य केला असं धरतात का? सोमवारी त्यासाठीच बोलावलंय. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.