मदत हवी आहे : दमा असलेल्या आईला तोकोरोझावाला कोणत्या महिन्यांत बोलवावे?

नमस्कार.

आम्ही गेली चार वर्षे जपानमधील साइतामा प्रांतात, तोकोरोझावा या शहरात राहतो. तोक्योच्या मध्यापासून हे शहर वायव्येला साधारण ३० किलोमीटरवर आहे. माझी आई फलटणला असते. तिचे वय ६७ असून तिला पंधरा वर्षांपासून दमा आहे आणि पंप रोज दोन वेळा घ्यावा लागतो. येत्या एप्रिलमध्ये माझी मुलगी पहिलीत जाईल. तिच्या शाळेच्या प्रवेशसमारंभाला आपण हजर असावे, अशी आईची फार इच्छा आहे. नातेवाइकांच्या भेटीसाठी मिळणाऱ्या व्हिसावर तिला जास्तीत जास्त ९० दिवस राहता येईल. हे ९० दिवस वर्षाच्या कोणत्या भागात ठेवले तर तिला श्वासाचा त्रास कमीत कमी होईल, हे मला ठरवायचे आहे.

तोक्योच्या पूर्व भागातील निशिकासाईला राहणाऱ्या मराठी मित्रांनी मनापासून सल्ले दिले आहेत, परंतु त्यांची वस्ती खाडीजवळ आहे आणि आमची आत, डोंगरांच्या बाजूला. त्यामुळे त्यांचा अनुभव आम्हाला जसाच्या तसा लागू पडत नाही, असे मला वाटते.

प्रथम वसंताविषयी लिहितो, कारण आईला यायचे आहे ते त्याच दिवसांत. आमच्या पश्चिमेला चिचिबू आणि ओकुतामा हे डोंगर आहेत. युद्धानंतरच्या दशकांत लाकडासाठी तिथे सुगी आणि हिनोकी या झाडांची प्रचंड लागवड झाली. आपल्याकडे सुगी म्हणजे धान्य घरात येण्याचे दिवस. इथे त्याच नावाचे झाड फेब्रुवारीच्या मध्यापासून परागकण सोडू लागते आणि निम्मे शहर मास्क लावून फिरते. मार्चमध्ये सुगीचा जोर सर्वाधिक असतो. तो ओसरतो न ओसरतो तोच हिनोकीचा बहर सुरू होतो आणि मे महिन्याच्या आरंभापर्यंत टिकतो. २०१९ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीत ४२.५ टक्के लोकांना परागकणांचा त्रास असल्याचे आढळले होते. मला स्वतःला तिसऱ्या वर्षी तो सुरू झाला, आणि त्या काळात आम्ही कपडेसुद्धा बाहेर वाळत घालत नाही.

मात्र इथे एक गोष्ट मला नीट समजून घ्यायची आहे. परागकणांची अ‍ॅलर्जी सहसा पहिल्याच संपर्कात होत नाही. शरीर त्या परागकणांना आधी संवेदनशील व्हावे लागते आणि त्याला बहुधा काही मोसम जातात. फलटणला सुगीची झाडे नाहीत. मग आईला या परागकणांपासून फारसा धोका नाही, असे समजावे का? की ज्यांचा श्वासमार्ग आधीच नाजूक आहे, त्यांना नुसत्या धुळीप्रमाणेही ते त्रास देतात?

मला परागकणांपेक्षा अधिक भीती वाटते ती ‘कोसा’ची. गोबी आणि तक्लामाकान वाळवंटांतून उडालेली पिवळी धूळ मार्च ते मे या काळात जपानपर्यंत येते. शिवाय आमच्या परिसरातील माती ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली, हलकी आणि भुसभुशीत आहे. वसंतातल्या जोरदार वाऱ्यात मोकळ्या शेतांतली ती माती उठते आणि खिडकीच्या पट्टीवर तांबूस थर बसतो. पीएम २.५ची, म्हणजे हवेतील अतिसूक्ष्म कणांची, २४ तासांच्या सरासरीची मर्यादा भारतात दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जपानमध्ये ३५, त्यामुळे नातेवाईक म्हणतात की तिकडची हवा स्वच्छच असणार. एरवी ती स्वच्छ असतेही. परंतु दम्याच्या माणसाचा दिवस वर्षाच्या सरासरीवर जात नाही.

मेपासून ओझोनचा प्रश्न सुरू होतो. समुद्रावरून येणारा वारा तोक्योकडचा धूर आत साइतामाकडे आणतो, वाटेत त्यावर कडक ऊन पडते आणि दुपारी आमच्याकडे ओझोन वाढतो. त्याचे प्रमाण ०.१२ पीपीएमपर्यंत गेले आणि तसेच राहण्याची चिन्हे असली की इशारा दिला जातो. मागच्या वर्षी एका दुपारी ध्वनिक्षेपकावरून अशीच सूचना झाली होती. ती मला समजली नाही आणि मी मुलीला मैदानावर घेऊन गेलो. रात्रभर ती खोकत होती. ओझोन हा वायू असल्यामुळे साध्या मास्कने तो अडत नाही, हे मला नंतर कळले. त्यानंतर त्सुयूचा, म्हणजे इथल्या पावसाळ्याचा पाऊस, घरातली बुरशी आणि पुढे पस्तीस अंशांच्या वरचे दिवस. जून ते ऑगस्ट हे महिने मी विचारातूनच काढून टाकले आहेत.

हिवाळाही तिला सोसेल असे वाटत नाही. सह्याद्री जसा कोकणात पाऊस पाडून फलटण-माणच्या वाट्याला कोरडा वारा ठेवतो, तसेच इथले डोंगर पलीकडच्या किनाऱ्यावरील निइगाताकडे बर्फ पाडून आमच्याकडे कोरडा, बोचरा वारा पाठवतात. जानेवारीत पहाटे पारा शून्याखाली जातो, आणि थंड कोरड्या हवेने आईला लगेच धाप लागते.

राहता राहिला शरद ऋतू. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या आरंभापर्यंतची हवा मला सर्वांत चांगली वाटते. त्याच सुमारास फलटणच्या बाजूला उसाची तोड सुरू होऊन पाचट जाळले जाते. त्या धुरातूनही आईची काही आठवडे सुटका होईल. परंतु इथल्या डॉक्टरांनी सांगितले की दम्याचे झटके सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच वाढतात. वादळांमुळे हवेचा दाब बदलतो, दिवस-रात्रीच्या तापमानात अंतर पडते, आणि उन्हाळ्यात तातामी (जमिनीवर अंथरलेल्या गवती चटया) व गाद्यांत वाढलेल्या सूक्ष्म किडींचे अवशेष हवेत मिसळतात.

म्हणून साइतामा किंवा पश्चिम तोक्योत ज्यांनी दम्याच्या आईवडिलांना ठेवून घेतले आहे, त्यांना विचारतो. समारंभापुरते, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत तीनच आठवडे बोलावणे सुरक्षित ठरेल का, की तो हट्ट सोडून तिला ऑक्टोबरच्या अखेरीस आणावे? एप्रिलमध्ये आणल्यास हवा शुद्ध करणारे यंत्र तिच्या झोपण्याच्या खोलीत एकच पुरेल का? कोसाच्या दिवशी तुम्ही ज्येष्ठांना पूर्ण दिवस घरात ठेवता की सकाळी थोडे बाहेर नेता? आणि तातामीच्या खोलीऐवजी लाकडी फरशीच्या खोलीत झोपवल्याने कोणाला स्पष्ट फरक जाणवला आहे का? तिकीट जानेवारीअखेरपर्यंत काढायचे आहे, आणि आईला काय सांगायचे ते त्याआधी ठरवावे लागेल.