एक चांगलं मशीन की चार जुने डबे? ऑर्बिटरवरून चर्चा

खारीगावकर
काल ऐरोलीकरांनी इथे लिहिलं: "पंधरा वर्षं जुन्या डब्यांवर स्पेस सिम्युलेटर दाखवून तुम्ही मुलांना अवकाशाचा कंटाळा आणताय. सेकंदाला दहा फ्रेममध्ये (म्हणजे दहाच चित्रांत) कोणी काही शिकत नाही. डबे भंगारात घाला, वर्गणी काढा, एक चांगलं मशीन घ्या." रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या सोसायटीच्या खोलीत चार पीसी आहेत. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. त्यांवर ऑर्बिटर हा यान उडवायचा स्पेस सिम्युलेटर चालवतो. त्याची २०१६ ची आवृत्ती लावून पाहिली, पण त्यात जमिनीचे चढउतार आले आणि आमचे पीसी तिथेच गुडघ्यावर आले. मग २०१० ची आवृत्ती टाकली. ढग बंद, ढगांच्या सावल्या बंद, पाण्यावरची चमक बंद, टेक्स्चर खालच्या पातळीवर, विंडो लहान. पृथ्वी साधा निळा-तपकिरी गोळा दिसते, हे मान्य. पण मार्टिन श्वायगर यांनी २००० साली काढलेल्या या प्रोग्रामचा जीव कक्षेच्या गणितात आहे, आणि एका यानाचं गणित प्रोसेसरला जड जात नाही. जड जातं ते चित्र.

आठवीतली एक मुलगी तीन रविवार ऑर्बिटरमध्ये यानाने अवकाश स्टेशन गाठायचा प्रयत्न करत होती. स्टेशन पुढे, म्हणून ती इंजिन चालवून वेग वाढवायची आणि आणखी मागे पडायची. तिसऱ्या रविवारी तिने यानाचं तोंड उलटं करून ब्रेक मारला, कक्षा खाली आली, फेरी लवकर पूर्ण झाली आणि अंतर कमी व्हायला लागलं. खुर्चीवरून उठून तिने बाकी तिघांना बोलावलं. चांद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ रोजी १७० × ३६,५०० किमीच्या कक्षेत सोडून पुढे उपभूपाशी (कक्षेच्या पृथ्वीजवळच्या टोकाशी) इंजिन चालवत अपभूचं (लांबच्या टोकाचं) अंतर का वाढवत नेलं, हे त्यानंतर तिला मला समजावावं लागलं नाही. एकच भारी मशीन असतं तर तिच्या वाट्याला रविवारी वीस मिनिटं आली असती आणि उरलेला वेळ दुसऱ्याच्या खांद्यावरून बघण्यात गेला असता.

ऐरोलीकर
गोष्ट छान आहे, पण मुद्दा टाळलात. ऑर्बिटरमध्ये गणिताची पायरी फ्रेमला बांधलेली असते, दर फ्रेमला एक. सेकंदाला १० फ्रेमवर वेळ हजारपट वेगाने पळवलीत की एक पायरी १०० सेकंदांची. खालच्या कक्षेत यानाचा वेग सेकंदाला साधारण ७.८ किमी, म्हणजे एका उडीत ७८० किमी. ६० फ्रेम असतील तर तीच उडी १३० किमीची. मग "गणित जड जात नाही" याला काय अर्थ? तुमच्या डब्यावर गणितच ढोबळ होतं. चंद्राकडे निघताना १ मीटर प्रतिसेकंद चुकलात तर टोकाला जवळपास ४,००० किमीचा फरक पडतो. मुलाला वाटतं आपण चुकलो, आणि चुकलेलं असतं मशीन. माझ्या मुलाने याच कारणाने हे सोडलं. दहा वेळा चंद्र हुकल्यावर तो म्हणाला, "बाबा, मला जमत नाही." तो चेहरा मी विसरलेलो नाही.

घणसोली स्टेशन
दहा फ्रेमचं एवढं काय? अपोलोच्या कॉम्प्युटरला खोडता येणारी मेमरी फक्त २,०४८ शब्दांची होती. त्यात माणसं चंद्रावर उतरली.

ऐरोलीकर
हे वाक्य प्रत्येक धाग्यात येतं. त्या यानाची कक्षा ह्यूस्टनला जमिनीवर आयबीएमची सिस्टिम ३६० यंत्रं काढत होती, सोबत खोलीभर इंजिनियर होते. खारीगावच्या खोलीत ते आहेत का?

खारीगावकर
पायरीचा मुद्दा बरोबर आहे. मी तो लिहायला हवा होता, नाही लिहिला. पण उपायही आहे. इंजिन चालवायच्या आधी वेळ परत एकपटीवर आणायची, लांबच्या प्रवासातही हजारपटीची घाई करायची नाही. वेळ मंदावायला आर ही कळ आहे, म्हणून आमच्याकडे भिंतीवर कागद लावलाय: "आर दाबा, मग इंजिन." आणि सीनॅरिओची फाइल (यान कुठे, कोणत्या स्थितीत आहे ते साठवलेली) नोटपॅडमध्ये उघडते, त्यामुळे चुकलं तर इंजिन चालवण्याआधीच्या जागेवरून पुन्हा सुरू करतो. तुमच्या मुलाला हे कोणी सांगितलं असतं तर?

ऐरोलीकर
माझ्या मुलाबद्दल तुम्ही बोलायचं कारण नाही.

सानपाडा पूर्व
मी "उपभू" शब्दाशी थांबलो. स्क्रीनवर पीई आणि एपी अशी अक्षरं असतात. मुलांनी तिथे उपभू, अपभू शोधायचं कसं? दहावीपर्यंत माझं मराठी माध्यम होतं. अकरावी सायन्सला पहिल्या दिवशी मास्तर जे बोलले ते सगळं मला येत होतं, फक्त दुसऱ्या नावाने. सहा महिने मागच्या बाकावर गप्प बसलो. पोरांना तेच परत करू नका.

नौपाडा वाचक
उलट मी पेरिजी आणि अपोजी इंजिनियरिंगला जाईपर्यंत अदलाबदल करत होते. उप म्हणजे जवळ, अप म्हणजे दूर. अपकेंद्री म्हणतो तसंच. एकदा कळलं की आयुष्यात विसरत नाही. तुमचा राग मास्तरांवर हवा, शब्दावर नको.

सानपाडा पूर्व
चंद्राभोवती फिरताना "भू" कुठून आणणार?

नौपाडा वाचक
सूर्यासाठी उपसूर्य आहे. चंद्रासाठी उपचंद्र म्हणा. इंग्रजीतही पेरिजी, पेरिहेलियन, पेरिल्यून वेगळेच आहेत.

सानपाडा पूर्व
म्हणूनच तर स्क्रीनवर पीई आहे. पेरिअॅप्सिस, कुठल्याही ग्रहाला चालतो. तुम्ही प्रत्येक ग्रहाला नवा शब्द पाठ करायला लावणार. ताई, राग मानू नका, पण गप्प बसणं काय असतं ते तुम्ही भोगलेलं नाही.

नौपाडा वाचक
भोगलंय की नाही ते तुम्हाला कसं माहीत? ऑफिसात मराठी शब्द तोंडातून गेला म्हणून माझ्याकडे बघून हसलेत लोक. तेव्हापासून घरी मुलीला दोन्ही शब्द सांगते, आधी मराठी.

खारीगावकर
आम्हीही दोन्ही सांगतो. मॉनिटरच्या कडेला पट्टी चिकटवली आहे: पीई – जवळचं टोक, एपी – लांबचं टोक. खरं सांगायचं तर मुलं आपसात "जवळचं टोक" हेच म्हणतात. उपभू माझ्याच तोंडी बसलाय.

सानपाडा पूर्व
"जवळचं टोक" चालेल. त्याला माझी हरकत नाही.

घणसोली स्टेशन
मूळ प्रश्न मशीनचा होता ना?

ऐरोलीकर
तोच आहे. माझं मत बदललेलं नाही. एक चांगलं मशीन हवंच. २०२१ पासून ऑर्बिटरचा सोर्स खुला आहे, नवं काम पुढच्या आवृत्त्यांवर होतंय, तुम्ही २०१० ला किती दिवस धरून बसणार? पण चारही डबे काढून टाका असं लिहिलं ते घाईत लिहिलं. खांद्यावरून बघण्याचं म्हणालात ते खरं आहे. आमच्या घरीही मीच जास्त उडवायचो आणि तो बघायचा.

खारीगावकर
पाचवं म्हणून चांगलं मशीन आलं तर मी नाही म्हणणार नाही. चारांच्या जागी नको.

ऐरोलीकर
माझ्याकडे रॅमच्या दोन पट्ट्या पडून आहेत, २-२ जीबीच्या. तुमचे बोर्ड डीडीआर२ की डीडीआर३?

खारीगावकर
दोन डीडीआर२, दोन डीडीआर३. पट्टीवरच्या स्टिकरवर काय लिहिलंय ते बघून सांगा. रविवारी सकाळी दहाला खोली उघडते. मुलगा येत असेल तर त्यालाही आणा. तीन नंबरचा पीसी मोकळा ठेवतो.