टिलबरीले जहाज लागलं तर ग्रीनविचचं खलाशायचं चॅपल पाहाले जाऊ का?

वावरातला खलाशी (ता. दारव्हा, जि. यवतमाळ):
नमस्कार भाऊ-तायांनो, मी मर्चंट नेव्हीत (व्यापारी जहाजावर) ओएस आहे, म्हणजे डेकवरचा नवखा खलाशी, सध्या कंटेनर शिपवर. पुढचं पोर्ट टिलबरी, लंडनच्या खालच्या अंगाले थेम्स नदीवरचं. आमचा सेकंड मेट म्हणे तिथून ग्रीनविच जवळच आहे, तिथी जुन्या आरमारी इस्पितळाचं चॅपल, म्हणजे प्रार्थनेचं चर्च आहे, खास खलाशायसाठी बांधलेलं, वेळ भेटला तर पाहून ये. बाकीचे पोट्टे शॉपिंगच्या मागं आहेत. शोअर लीव्ह, म्हणजे जहाजावरून उतराची सुट्टी, भेटली तरी पाच-सहा तासाची भेटन, त्यात बिग बेन पाहू का हे चॅपल? आमच्या गावात चर्च नाही, मी आजवर कोणत्याच चर्चच्या आत गेलो नाही, तर आपल्यासारख्याले आत सोडतात का, तिकीट लागते का, बूट काढा लागतात का, अन् पाहण्यासारखं नेमकं काय आहे हे कोणी जाऊन आलं असन तर सांगा. फोटो पाहिले पण फोटोवरून काही समजत नाही.

बोसनकाका (मोर्शी):
जाय बाबू, बिनधास्त जाय. मी रिटायर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशायचा मुकादम, आता संत्र्याची बाग पाहतो, पण ते चॅपल अजून डोळ्यापुढं आहे. बिग बेन टीव्हीवर दिसतेच. हे चॅपल दर्यावर राबणाऱ्या लोकायचं आहे. १६९४ साली राजा विल्यम अन् राणी मेरीनं सनद देऊन तिथी म्हाताऱ्या, जायबंदी आरमारी खलाशायची राहाची-जेवाची सोय केली, कोणाचा हात गेलेला, कोणाचा पाय, एका काळात अडीच हजारावर माणसं राहत होती अन् त्यायच्या प्रार्थनेची जागा म्हणजे हे चॅपल. आता खरी गोष्ट ऐक. १६९६ पासून त्या इस्पितळासाठी खलाशाच्या पगारातून महिन्याले ६ पेन्स कापत, नुसते आरमारवाल्यायचे नाही, मर्चंट जहाजावरच्यायचेही, अन् मर्चंटवाल्याले तिथी जागा सहसा भेटतच नसे, तरी त्यायची कपात १८३४ पर्यंत चालू राहिली. म्हणून मी म्हणतो का तिथी तू टूरिस्ट नाहीस, तुझ्याच धंद्यातल्या माणसायच्या घामाचा पैसा त्या भिंतीत आहे.

आत गेल्यावर आधी खाली पाहजो. काळ्या-पांढऱ्या फरशीत नांगर अन् जहाजाचा दोर काढलेला आहे. ज्यानं थंडीत, पावसात मुरिंग रोप, म्हणजे जहाज धक्क्याले बांधाचे दोर, ओढले, हाताची सालं काढून घेतली, त्याले ते पाहून काय वाटते हे दुसऱ्याले सांगून समजत नाही. मी तिथीच उभा राहिलो होतो बराच वेळ, वर पाहाचं सुचलंच नाही. वर मंग फिक्या रंगाची प्लास्टरची नक्षी आहे, फार नाजूक काम. पहिलं चॅपल २ जानेवारी १७७९ च्या आगीत आतून जळालं, मंग जेम्स स्टुअर्ट नावाच्या आर्किटेक्टनं, ज्यानं अथेन्सला राहून जुन्या ग्रीक इमारती मोजल्या होत्या त्यानं, ते नव्यानं सजवलं अन् १७८९ मधे पुन्हा उघडलं. सॅम्युअल ग्रीनचा तेव्हाचा ऑर्गन अजून तिथीच आहे.

तिकीट नाही. बूट काढाचे नाही, टोपी तेवढी काढजो. रविवारी सकाळी प्रार्थना असते, त्यावेळी जाशीन तर गुपचूप मागं बसजो, फिरू नको. समोरच पेंटेड हॉल आहे, त्याले तिकीट आहे, १८०६ च्या जानेवारीत इंग्रजी आरमाराचा सेनापती नेल्सन याचं शव लोकायच्या दर्शनाले तिथी ठेवलं होतं, पण तुझ्याकडं वेळ कमी आहे तं चॅपलच नीट पाय.

जाण्याचं असं आहे का टिलबरी टाउन स्टेशनवरून फेनचर्च स्ट्रीटच्या गाडीत बसाचं, लाइमहाउसले उतराचं, तिथून डीएलआर (लंडनची छोटी शहरी रेल्वे) पकडून कटी सार्क स्टेशन, तिथून पायी. गेटपासून स्टेशनापर्यंत खलाशायच्या सेंटरची व्हॅन भेटते का हे एजंटले विचारून घे. शोअर पास (उतराचा परवाना) अन् सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) जवळच ठेवजो, अन् गँगवेवर (जहाजाच्या शिडीपाशी) लिहिलेली परतीची वेळ पाहूनच उतरजो. कंटेनरवाल्यायचं काही खरं नसते, क्रेन जोरात चालली तं जहाज चार तास आधी सुटते.

वावरातला खलाशी:
काका, लय उपकार झाले. पगारातून कापायचे हे तं माहीतच नव्हतं, मेसमधे सांगतलं तं आमचा फिटर जेवता जेवता थांबला. आईले फोन केला होता, तिनं इचारलं आत देव कोणता आहे, मी म्हटलं येशू, तं म्हणे दर्यात सांभाळणारा असन तं त्याले माह्याकडून हात जोड. एक सांगा, वेदीमागच्या मोठ्या चित्रात एक माणूस हात झटकून राहिला अन् हाताले साप लटकलेला दिसतो. चर्चमधे साप काहून?

सिस्टर ताई (अचलपूर):
भाऊ, हे मी सांगते, मी ख्रिस्ती आहे आणि नर्स आहे. तो माणूस म्हणजे पौल, येशूचा संदेश सांगत फिरणारा प्रेषित. चित्र बेंजामिन वेस्टचं, तो जन्मानं अमेरिकेतला. गोष्ट बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ आणि २८ मध्ये आहे, मराठी बायबल मोबाइलवर मिळतं, २७ वा अध्याय तुम्ही नक्की वाचा कारण तो सगळा जहाजाचाच आहे. पौलाला कैदी म्हणून रोमला नेत असतात, वादळात जहाज चौदा रात्री भरकटतं, माल उतरवून समुद्रात फेकतात, मग खलाशी पाण्याची खोली मोजतात तर वीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट), थोडं पुढं गेल्यावर पंधरा वाव, खडकावर आदळू या भीतीनं मागच्या बाजूनं चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघत बसतात. शेवटी जहाज फुटतं पण २७६ च्या २७६ माणसं पोहत, फळ्या धरून माल्टा बेटाला लागतात.

पाऊस आणि थंडी होती म्हणून तिथल्या लोकांनी शेकोटी केली. पौलानं काटक्यांचा भारा आगीवर टाकला आणि आचेनं त्यातून साप निघून हाताला डसला. आपल्याकडं पऱ्हाटीच्या भाऱ्यातून निघतो तसाच. बेटावरचे लोक बघत बसले की आता हा सुजेल, आता पडेल. आमच्या वॉर्डात दर पावसाळ्यात सर्पदंशाचे पेशंट येतात, घरचे लोक खाटेभोवती उभे राहून सूज कुठवर चढली ते बघतात, त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं तेच मला त्या गोष्टीत दिसतं. पौलाला काही झालं नाही, साप आगीत पडला. आणि मला जास्त मोठं काय वाटतं सांगू का, त्या बेटावरच्या लोकांनी ओळख ना पाळख अशा बुडालेल्या माणसांना जवळ केलं, तीन महिने ती माणसं तिथंच होती. समुद्रावरून हातपाय गमावून आलेल्या म्हाताऱ्यांसमोर हेच चित्र लावलं यात मला फार माया दिसते.

आईंना सांगा, हात जोडायला काहीच हरकत नाही, कोणी अडवत नाही.

गुरुजी (आर्वी):
मी गेलेलो नाही पण हा विषय माझ्या आवडीचा, म्हणून एक भर घालतो. चॅपलच्या दाराशी सर जॉन फ्रँकलिनच्या मोहिमेचं स्मारक आहे, ते चुकवू नकोस. १८४५ साली एरेबस आणि टेरर ही दोन जहाजं कॅनडाच्या उत्तरेकडून पॅसिफिकचा रस्ता शोधायला निघाली, बर्फात अडकली आणि १२९ माणसं गेली, एकही घरी आला नाही. त्यातल्या एकाचा सांगाडा किंग विल्यम बेटावर सापडला, इंग्लंडला आणला आणि तो त्या स्मारकाखाली आहे. पुष्कळ वर्षं तो लेफ्टनंट ल व्हेकोंतचा समजत होते, नंतर कवटी आणि दात तपासल्यावर तो मोहिमेतला डॉक्टर हॅरी गुडसर असावा असं अभ्यासकांचं मत झालं. जहाजं तर आत्ता सापडली, एरेबस २०१४ मध्ये आणि टेरर २०१६ मध्ये, दोन्ही समुद्राच्या तळाशी. एवढ्या माणसांच्या घरच्यांना कुठं फूल वाहावं हेसुद्धा माहीत नव्हतं, त्यांच्यासाठी ती एक जागा.

वावरातला खलाशी:
सगळ्यायचे आभार. २७ वा अध्याय रात्री वॉचवरून उतरल्यावर वाचला, वीस वाव अन् पंधरा वाववाली ओळ बंगाली एबीले (माह्या वरच्या खलाशाले) पण समजावून सांगतली, तो पण येतो म्हणे सोबत. चीफ ऑफिसरले विनंती केली आहे का सकाळचा कार्गो वॉच (माल चढ-उताराची पाळी) करतो, दुपारी सोडा. काका, दुपारी दोनले उतरलो तं जमन का?

बोसनकाका (मोर्शी):
जमन, पण चॅपल बंद व्हायची वेळ वेबसाइटवर पाहून मंगच निघजो. जायले दीड तास धर, यायले दोन तास धर. अन् वेळ उरला तं बाजूलेच ड्रेडनॉट नावाची इमारत आहे, आता युनिव्हर्सिटीकडं आहे, तिथी १८७० पासून १९८६ पर्यंत खलाशायचा दवाखाना होता, कोणत्याही देशाच्या खलाशाले घेत, आपले हिंदी खलाशीही, ज्यायले तवा लास्कर म्हणत, तिथी भरती होत. बाहेरूनच दिसते, पण दिसली पाहिजे. एबीले घेऊन जाय, एकटा जाऊ नको, अन् आल्यावर इथी लिहिजो.