केदारकंठा सहल : तंबूतील शेगडीबाबत चर्चा

देशपांडे काकू (बी विंग): नमस्कार. उत्तराखंडमधील केदारकंठा शिखराच्या डिसेंबरअखेरच्या सहलीच्या सामानाची यादी काल ग्रुपवर आली. तिच्यात ‘तंबूसाठी कोळशाच्या शेगड्या, ४ नग’ असे वाचल्यापासून मला चैन नाही. माझी सून आणि नातू या सहलीला जाणार आहेत. तंबूत शेगडी पेटणार नाही, असे समितीने आजच स्पष्ट लिहावे, ही नम्र विनंती.

पाटील काका (ए विंग): काकूंच्या काळजीचा मला आदर आहे. परंतु गेल्या वर्षी भंडारदऱ्याला मुले पहाटेपर्यंत कुडकुडली, तेव्हा याच ग्रुपवर माझ्या नियोजनाबद्दल काय काय लिहिले गेले, ते मी विसरलेलो नाही. म्हणूनच यंदा शेगड्या घेतल्या. आमच्या निफाडकडे थंडीत घरोघरी शेगडी पेटते आणि आजवर कोणाला काही झालेले नाही.

डॉ. कुलकर्णी (सी विंग): पाटील काका, गावच्या कौलारू घराला फटी असतात, त्यांतून वायू बाहेर जातो. तंबूचे कापड पाणी अडवणारे असते आणि थंडीत माणसे त्याची चेनही घट्ट लावून घेतात. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. धूर नसलेले लाल निखारेही हा वायू सोडतच राहतात आणि झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार लहान मुले, गॅस हीटर लावून एका खोलीत झोपले आणि दगावले. ती तर पक्की खोली होती.

देशपांडे काकू (बी विंग): डॉक्टरांनी लिहिलेले सर्वांनी कृपया पूर्ण वाचावे. शेगडी तंबूत जाणार नाही, एवढे एक वाक्य समितीने लिहावे.

पाटील काका (ए विंग): ठीक आहे, पण मग मुलांनी गारठायचे का? दर वेळी सोय मी करायची आणि हरकत दुसऱ्यांनी घ्यायची, असे किती वर्षे चालणार?

मेधाताई (ए विंग): काका, सोय तुम्हीच करता आणि ती मनापासून करता, हे कोणी नाकारत नाही. भंडारदऱ्याला थंडी लागली, कारण मुलांच्या अंगाखाली फक्त सतरंज्या होत्या. पांघरुणात अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. शरीराच्या वजनाने खालचा थर दबला की ती हवा उरत नाही आणि जमीन रात्रभर उष्णता ओढत राहते. म्हणून स्लीपिंग बॅग कितीही जाड असली, तरी तिच्याखाली फोमच्या दोन मॅट हव्यातच. भंडारदऱ्याजवळचे कळसूबाई शिखरही सुमारे ५,४०० फूट, तर केदारकंठा १२,५०० फूट. तिथे तंबूखाली बर्फ असेल, म्हणून भंडारदऱ्याचा हिशेब तिथे लावू नये.

जोशी (बी विंग): मॅट सोसायटीच्या पैशांतून घेतलेल्याच आहेत, त्या योगवर्गाच्या कपाटात कुलूपबंद का असतात, हे मी मागील सभेतही विचारले होते.

सुनीता काकू (सी विंग): योगवर्गावर वारंवार बोट दाखवणे कृपया थांबवावे. किल्ली वॉचमनकडे असते आणि ती सर्वांना मिळते.

मेधाताई (ए विंग): योगाच्या चटया पातळ असतात, त्या बर्फावर पुरणार नाहीत. पुण्यातून जाड मॅट भाड्याने घ्याव्यात. स्लीपिंग बॅग घेतानाही लेबल नीट वाचावे. त्यावर ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ असे तीन आकडे असतात. दुकानदार बहुधा शेवटचा आकडा सांगतो, पण त्या तापमानात माणूस जेमतेम तग धरतो, झोपू शकत नाही. आपण ‘कम्फर्ट’चा आकडा धरावा.

जोशी (बी विंग): भाडे वाढेल. मोठ्यांसाठी थोडी ब्रँडी नेली तर चालेल का?

डॉ. कुलकर्णी (सी विंग): नको. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. अंगाला ऊब वाटते खरी, पण आतली उष्णता उलट वेगाने बाहेर पडते. त्याऐवजी झोपण्यापूर्वी तूप-गूळ-शेंगदाण्याचे लाडू खावेत आणि लघवीला जाऊन यावे. दिवसभराचे घामट कपडे, विशेषतः सुती बनियन, पूर्ण बदलावेत. मोजे सैल असावेत, कारण घट्ट मोज्यांनी पायांचे रक्ताभिसरण मंदावते. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून आणि बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवावी. कोणी अडखळत बोलू लागले, किंवा अंगाची थरथर थांबून गुंगी येऊ लागली, तर ती बरे वाटल्याची खूण समजू नये. ताबडतोब गाइडला उठवावे.

मेधाताई (ए विंग): आणखी एक. तोंड बॅगेच्या आत घेऊन झोपू नये, श्वासाच्या दमटपणाने आतले अस्तर ओले होते. तंबूची वरची खिडकीही थोडी उघडीच ठेवावी.

देशपांडे काकू (बी विंग): हे सर्व उत्तम आहे, पण शेगडीबद्दल समितीचे उत्तर अजून आलेले नाही.

सचिव: उशिराबद्दल क्षमस्व. शेगड्या यादीतून काढल्या आहेत. गॅसचा हीटर किंवा स्टोव्हही तंबूत पेटवला जाणार नाही. प्रत्येकी दोन जाड मॅट आणि शून्याखालील ‘कम्फर्ट’ आकड्याच्या बॅगा भाड्याने घेऊ. वाढीव रक्कम उद्यापर्यंत कळवतो. मुलांच्या बॅगा निवडण्यासाठी पाटील काका आणि मेधाताई यांनी शनिवारी दुकानात सोबत यावे.

पाटील काका (ए विंग): येतो. फक्त यंदा सूचना आधी द्याव्यात, परतल्यावर नको.

देशपांडे काकू (बी विंग): आभारी आहे. आयोजकांच्या स्थानिक गाइडलाही हे लेखी कळवावे, कारण रात्री शेगडी आत आणून ठेवणारा तोच असतो.