मदत हवी आहे: जेनेटिक अल्गोरिदम ५० पिढ्यांतच अडकतो

नमस्कार मंडळी, नागपुरात एम.टेक. करतोय. शहराला पाणी देणाऱ्या पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणात पावसाळ्यात रोज किती आवक होईल, याचा अंदाज न्यूरल नेटवर्कने (जुन्या डेटावरून शिकणाऱ्या मॉडेलने) काढतोय. त्याचे वेट्स (ज्यांवर अंदाज ठरतो ते आतले आकडे) जेनेटिक अल्गोरिदमने शोधतो, म्हणजे बऱ्याच उमेदवार उत्तरांतली चांगली निवडून, त्यांची सरमिसळ करत पिढ्यानपिढ्या सुधारत जायचं. पॉप्युलेशन (एका पिढीतले उमेदवार) ६०, म्युटेशन (आपोआप होणाऱ्या बदलाची शक्यता) ०.०१. पन्नासेक पिढ्यांत सगळे उमेदवार जुळ्या भावांसारखे होतात आणि एरर तिथेच थांबते. म्युटेशन ०.१ केलं तर चांगली उत्तरंही विस्कटतात. एरवीचे दिवस बरे जमतात, पण मोठा पूर हमखास कमी दाखवतो, आणि कामाचा तर तोच!

टूर्नामेंटचा (पुढच्या पिढीसाठी निवड करताना आपसात झुंजणाऱ्या उमेदवारांच्या गटाचा) आकार कमी करू, की डिफरन्शियल इव्होल्यूशनकडे (उमेदवारांमधल्या फरकांवरून नवे उमेदवार बनवणाऱ्या पद्धतीकडे) वळू? शिवाय नदीच्या वरच्या अंगाला चौराई धरण झाल्यावर आवकच बदलली; त्याआधीचा डेटा ठेवू का? रूममेट म्हणतो, "बॅकप्रोपगेशन वापर ना बे" (म्हणजे चुकीवरून मागे जात वेट्स सुधारायची नेहमीची पद्धत). त्याचंही चुकत नाही म्हणा.