ड्राइव्हशाफ्टचं रिकॉल आलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

आमच्या गाडीचं रिकॉल आलंय, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावलीय. पत्रात एवढंच लिहिलंय: पुढच्या उजव्या बाजूचा ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा) गिअरबॉक्समधून निसटू शकतो, काम होईपर्यंत गाडी उभी करताना हँडब्रेक न चुकता लावा. घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय. ज्यांच्या गाडीत हे घडलंय किंवा ज्यांनी काम करून घेतलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आवाज आला होता का? गाडी वापरत राहिलात का?

*

माझ्या गाडीत घडलंय, तेही रिकॉल जाहीर होण्याआधी. चढावर ओव्हरटेक करायला अ‍ॅक्सिलरेटर दिला, खालून ठण्णकन आवाज आला आणि पुढच्या क्षणी इंजिन नुसतं ओरडायला लागलं. आरपीएमचा काटा वर, गाडी मात्र मंदावत चाललेली. नशिबाने मागचा ट्रक लांब होता.

स्टिअरिंग आणि ब्रेक व्यवस्थित चालू होते, हे सगळ्यांनी नीट लक्षात ठेवा. अशा वेळी घाबरून इंजिन बंद करू नका. ते बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही थोड्या वेळात संपते. मी हॅझर्ड लावून गाडी तशीच कडेला घेतली. खरी धडकी नंतर भरली. गिअर 'पी'मध्ये (पार्किंगच्या जागी) टाकून ब्रेकवरून पाय काढला, तर गाडी मागे सरकायला लागली!

*

मी वर्कशॉपमध्ये काम करतो. 'पी' टाकूनही गाडी का सरकली ते सांगतो. 'पी' चाकांना धरत नाही. गिअरबॉक्सच्या आत एक लोखंडी खिट्टी दातेरी चक्रात अडकते, आणि तिथून चाकापर्यंत पकड पोचते ती ड्राइव्हशाफ्टमधूनच. एका बाजूचा शाफ्ट निसटला की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या यंत्रणेमुळे) दुसऱ्या बाजूचं चाकही मोकळं होतं. मॅन्युअल गाडी पहिल्या गिअरमध्ये लावून ठेवली तरी तेच. हँडब्रेक मात्र थेट चाकावर लागतो, म्हणून तुमच्या पत्रातली ती ओळ सगळ्यात महत्त्वाची.

आवाजाचं म्हणाल तर वळताना कटकट येते ती सीव्ही जॉइंट, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा सांधा, झिजल्याची. त्यावरचं रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालं की ती सुरू होते. शाफ्ट जागेवर धरणारी सर्कलिप (छोटी कडी) नीट बसली नसेल तर काहीही न वाजता शाफ्ट बाहेर येऊ शकतो. आवाज नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

*

आमची गाडी सेकंडहँड. पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलं, आम्हाला पत्ताच नाही. मीच सहज कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकला तेव्हा कळलं. तो नंबर १७ अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात. गोल दिसेल तो शून्यच, हे टाकताना लक्षात ठेवा. काम मोफत झालं, मालक कितवा आहे हे कोणी विचारलंही नाही.

*

मला नुसतं सॉफ्टवेअर अपडेट करून परत पाठवलं, तेव्हा मी भांडले. फोर्ड एक्सप्लोररचं अमेरिकेतलं उदाहरण वाचलं होतं. २०२२ मध्ये मागच्या अ‍ॅक्सलचा बोल्ट तुटून ड्राइव्हशाफ्ट सुटू शकतो म्हणून अडीच लाखांहून जास्त गाड्या बोलावल्या, आणि उपाय काय, तर सॉफ्टवेअरने पार्किंग ब्रेक आपोआप लावायचा. बोल्ट तसाच! चौकशी सुरू झाली आणि २०२३ मध्ये परत रिकॉल काढून बोल्ट आणि बुश (त्याभोवतीचा रबरी आधार) बदलायची वेळ आली. तेव्हा 'पार्ट बदलला की नुसता तपासला' हे जॉबकार्डवर लिहून घ्या.

*

आमचा पार्ट अजून आलेला नाही. तोवर गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, चाकामागे लाकडी ठोकळा ठेवून उभी करतो. उतारावर लावतच नाही.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. आजच फोन केला. पार्ट आहे, उद्या सकाळी गाडी टो करून न्यायला येतायत. चालवत आणू का विचारलं, तर त्यांनीच नको म्हटलं. वर्कशॉपवाले दादा, एक राहिलं: दोन्ही बाजूंच्या सर्कलिप बदलायला सांगू का, की फक्त उजवी?