मुख्याध्यापकपद : जबाबदारी दुप्पट, पगारात फरक सव्वाचार हजारांचा

वेळापत्रक (धागा सुरू करणारा)

आमची शाळा पेठेतली, अनुदानित, पाचवी ते दहावी. मुख्याध्यापिका मे अखेरीस निवृत्त होतायत. ज्येष्ठता यादीत पहिल्या असलेल्या बाईंनी 'मी स्वखुशीने हक्क सोडत आहे' असं लिहून दिलं. दुसऱ्या क्रमांकाचे सर गेल्या आठवड्यात तेच करून आले. खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत तशी सोय आहे. स्वतःच्या हाताने लिहायचं आणि शिक्षणाधिकाऱ्यांपुढे सांगायचं. तिसऱ्या क्रमांकावर कोण, ते हा आयडी ओळखणाऱ्यांना माहीत आहे.

दोघंही कामाला घाबरणारी नाहीत. त्यांनी फक्त हिशोब केला. पंचवीस वर्षं झालेल्या शिक्षकाचं मूळ वेतन समजा ७६ हजार. बढतीनंतर वेतननिश्चिती करताना जुन्या स्तरात एक वेतनवाढ देतात आणि नव्या स्तरात तेवढा किंवा लगतचा वरचा टप्पा शोधतात. वेतनवाढ ३ टक्के, म्हणजे २,३०० च्या आसपास. त्यावर महागाई भत्ता आणि पुण्याचा ३० टक्के घरभाडे भत्ता धरला की सव्वाचार हजार. आयकर गेला की हातात साडेतीन हजारसुद्धा येत नाहीत. कामाच्या दिवसाला सव्वाशे-दीडशे रुपये.

या पैशात काय करायचं? संचमान्यता (शिक्षकपदांची मंजुरी), यू-डायस पोर्टलवर शाळेची माहिती, शालार्थ पोर्टलवर पगाराची बिलं, पोषण आहाराचा हिशोब, अपार आयडीसाठी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) पालकांच्या मागे लागणं, संस्था आणि शिक्षण विभाग यांच्या मध्ये उभं राहणं. आणि पोक्सो कायद्याचं कलम २१. हाताखालच्या माणसाकडून मुलावर लैंगिक गुन्हा घडला आणि संस्थाप्रमुखाने तो कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद. ही जबाबदारी असायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण ती घेणाऱ्याला सव्वाशे रुपये रोज?

माझं म्हणणं एवढंच, की मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षक यांना वेतनश्रेणीबाहेरचा ठसठशीत जबाबदारी भत्ता द्यावा. तो पटावर, म्हणजे विद्यार्थीसंख्येवर, ठरावा. बोला.

निवृत्त_बाई

मी अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते, उपनगरातल्या मराठी शाळेत. हिशोब बरोबर मांडलात, पण निदान पटत नाही. भत्त्याच्या जागी माझे दोन शिपाई आणि एक लिपिक परत दिले असते तर मी एक पैसा जास्त मागितला नसता.

डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतलं शिपाईपद निवृत्तीनंतर भरणं थांबलं. त्याऐवजी शाळेला ठोक शिपाई भत्ता मिळतो. मुंबईत महिना दहा हजार, पुण्यात साडेसात हजार, इतरत्र पाच हजार. साडेसात हजारांत पुण्यात कोण सकाळी साडेसहाला येऊन कुलूप काढतो, घंटा देतो आणि मुलींच्या स्वच्छतागृहात फिनेल टाकतो? शेवटची दोन वर्षं फाटकाची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. पगार वाढवून ते काम माझ्या अंगावरून गेलं नसतं.

हिशोबनीस

बाईंशी सहमत. वर एक गोष्ट घालतो, जी शिक्षकांना आवडणार नाही. बढती कोणाला मिळते? अर्हता आणि समाधानकारक सेवा असली की यादीत सगळ्यात वर असलेल्याला. त्याला शाळा चालवता येते का, हा प्रश्न कुठेच विचारला जात नाही. म्हणजे भत्ता नेतृत्वाला मिळणार नाही, जन्मतारखेला आणि रुजू दिनांकाला मिळेल. करदाता म्हणून माझा विरोध.

आधी निवड बदला, मग पैशाचं बोला.

वेळापत्रक

@हिशोबनीस, निवड संस्थाचालकांच्या हातात दिली तर काय होतं, हे खासगी शाळांच्या सेवाशर्तींच्या १९७७ च्या कायद्याआधी नोकरीला लागलेल्या कुणालाही विचारा. ज्येष्ठता हा निकष आंधळा आहे, मान्य. पण त्याला पुतण्या नसतो.

हिशोबनीस

पुतण्या मस्त. तरी माझा मुद्दा तिथेच आहे. ज्येष्ठता यादी आणि साहेबाचा पुतण्या यांच्यामधला तिसरा रस्ता म्हणजे परीक्षा. ती सुचवली की संघटना मोर्चा काढतात.

खडूधूळ

दादा लोक, जरा खाली बघा.

मी सिंहगड रस्त्यावरच्या एका विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहे, नाव घेत नाही. तुमचा ३० टक्के घरभाडे भत्ता वाचून हसू आलं. माझा एकूण पगार तुमच्या घरभाड्याइतका आहे. कायद्याने विनाअनुदानित शाळेलाही ठरलेली वेतनश्रेणी लागू आहे, हे मला पाठ आहे. कागदावर ती मिळतेही. खात्यात जमा झालेल्या रकमेतला किती भाग रोखीने परत करायचा, तेवढं कागदावर नसतं.

आमच्याकडे 'कोऑर्डिनेटर' नावाचं पद आहे. मला दोन वर्षांपूर्वी मिळालं. सहा वर्ग, चौदा शिक्षिका, सगळ्यांचे पाठ तपासायचे, पालकांचे फोन घ्यायचे, स्नेहसंमेलनाला हॉल शोधायचा, आणि स्वतःच्या तासिका पूर्ण. वाढ दोन हजार. प्रिन्सिपल मात्र बाहेरून आणतात. त्यांचा आकडा करारावर ठरतो आणि तो आम्हाला कळत नाही. तेव्हा अनुदानितवाल्यांनी 'नेतृत्वाला पैसे नाहीत' म्हणताना मधल्या फळीतल्या बायकांची आठवण ठेवावी. बायकाच असतात, बहुतेक.

बाणेरची_आई

@खडूधूळ, पालक म्हणून वाचून लाज वाटली. आम्ही जी फी भरतो तिच्यातून शिक्षकांना काय मिळतं हे पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत विचारता येतं, कारण २०११ च्या शुल्क कायद्यानुसार फीचा प्रस्ताव त्या समितीपुढेच येतो. मी विचारलं होतं. बैठकीनंतर दोन आयांनी बाजूला घेऊन सांगितलं, 'अगं, मुलांना त्याच शाळेत शिकायचंय ना.'

पण मूळ विषयावर माझं मत विरुद्ध आहे. जास्त पैसे द्या, फक्त मुदतीवर द्या. पाच वर्षांचं मुख्याध्यापकपद, काम बघून पुन्हा नेमणूक. नाहीतर परत वर्गावर. निवृत्तीपर्यंत खुर्ची आणि वर भत्ता, हे खासगी नोकरीत कोणी ऐकून घेणार नाही.

निवृत्त_बाई

बाणेरताई, पाच वर्षं मुख्याध्यापक राहून पुन्हा वर्गावर आलेली व्यक्ती कालपर्यंत ज्यांना मेमो देत होती त्यांच्याच शेजारी शिक्षकखोलीत डबा उघडणार. एकदा करून बघा म्हणजे कळेल.

हडपसर_एक्स्प्रेस

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये गणित शिकवते. तिथली पद्धत ऐकण्यासारखी आहे. सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी पटावर आधारलेले आठ गट आहेत. शाळा जेवढी मोठी, तेवढी पगाराची कमाल मर्यादा वर. २०२४-२५ मध्ये लंडनबाहेर नव्या शिक्षकाची सुरुवात ३१,६५० पौंडांवर होती आणि सर्वांत मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकाची कमाल मर्यादा १ लाख ३८ हजारांच्या पुढे. म्हणजे चौपटीहून जास्त. आणि खडूधूळ म्हणतायत त्या मधल्या फळीसाठी वेगळी तरतूद आहे. विषयप्रमुखासारखी कायमची जबाबदारी असेल तर पगारावर वेगळी रक्कम, त्या वर्षी साधारण ३,४०० पौंडांपासून. त्यासाठी ज्येष्ठता लागत नाही, काम लागतं.

वेळापत्रक जे मागतायत ते जगात कुठे नाही असं नाही.

हिशोबनीस

तिथल्या मुख्याध्यापकाच्या हातात शाळेचं बजेट असतं. शिक्षक निवडताना त्याचा शब्द चालतो. इथे शिक्षकभरतीच्या सरकारी 'पवित्र' पोर्टलवरून येणारा शिक्षक कोण, हे मुख्याध्यापकाला यादी आल्यावर कळतं. वेतनेतर अनुदान किती आणि कधी येईल हे त्याला कळतच नाही. अधिकार नसलेल्या माणसाला इंग्लंडच्या हिशोबाने पगार द्यायचा म्हणजे शोभेचा पैसा.

हडपसर_एक्स्प्रेस

अधिकार नाहीत म्हणून पैसे नाहीत, आणि शिक्षा मात्र आहे? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचारानंतर जो शासन निर्णय निघाला त्यात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती हे सगळं शाळेच्या माथी आलं. चुकलं तर नोटीस कोणाच्या नावाने निघते? तेव्हा अधिकार कुठून येतात?

जुनी_पेन्शन

अवांतर, पण महत्त्वाचं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या पगारातून निवृत्तीसाठी कपात होते. जुन्या पेन्शनवाल्याला शेवटच्या मूळ वेतनातली एक वाढसुद्धा आयुष्यभर उपयोगी पडायची, कारण निवृत्तीवेतन त्यावर ठरायचं. म्हणून आधीची पिढी निवृत्तीला दोन वर्षं उरली असतानाही बढती घ्यायची. आता पदं घेण्याच्या वयात येतेय ती पिढी बरीचशी नव्या योजनेतली आहे. नकार का वाढतायत याचं कारण इथेही शोधा.

आणि भत्ता मागताय तेव्हा तो निवृत्तीच्या हिशोबात धरला जाईल का, हेही मागणीत लिहा. नाहीतर देतील आणि बाजूला ठेवतील.

वेळापत्रक

@जुनी_पेन्शन, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, घेतो.

@निवृत्त_बाई, शिपाई आणि लिपिक हवेतच. पण बाई, तुमच्या वेळी ते गेले आणि जबाबदारी भत्ताही नव्हता, तरी तुम्ही अकरा वर्षं काढलीत. शासनाला हेच सोयीचं पडतं. जो 'मला पैसे नकोत' म्हणतो त्याच्याकडून फाटकाची किल्लीही सांभाळून घेतात. पदं मागितली की आकृतिबंध (मंजूर पदांचा आराखडा), वित्त विभाग, दहा वर्षं. भत्ता एका आदेशात होतो. केंद्रात आठवा वेतन आयोग बसला आहे, राज्यात त्याच्या मागून समिती येईलच. मागणी आत्ता लिहून ठेवली तर तेव्हा मांडता येईल.

निवृत्त_बाई

मी पैसे नकोत म्हटलं नाही. पैसे घेतले की पदांची मागणी कायमची मिटते, असं म्हटलं. शिपाई भत्त्याने तेच केलं. आधी माणूस होता. मग भत्ता आला. आता माणूस मागायला गेलं की सांगतात, 'भत्ता देतोय की.' तुमच्या जबाबदारी भत्त्याचंही हेच होईल. लिपिक मागायला जाल आणि उत्तर मिळेल, 'तुम्हाला त्याचेच तर पैसे देतोय.'

बाणेरची_आई

याला उत्तर आहे का कोणाकडे? मला नाही सुचत.

प्रभारी_कायमचा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, पुणे जिल्ह्यातच, शहरापासून लांब. तुमच्या चर्चेत आमच्यासारखे बसतच नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला १५० च्या वर आणि सहावी ते आठवीला १०० च्या वर पट असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक धरला आहे. आमचा पट त्याच्या खाली. म्हणून मुख्याध्यापक नाही. मुख्याध्यापकाचं काम मात्र पूर्ण आहे, कारण पोर्टल पट बघून रिकामं राहत नाही. ते काम 'प्रभारी' करतो, म्हणजे मी, दोन वर्ग सांभाळून. बढती नाही, वेतनवाढ नाही, सव्वाशे रुपये रोजही नाही.

त्यामुळे 'पटावर भत्ता' हे वाचून पोटात गोळा आला. पटावर ठरवाल तर लहान शाळेतल्या माणसाला पुन्हा शून्य. कागद किती पाठवावे लागतात त्यावर ठरवा. ते सगळ्या शाळांना सारखेच आहेत.

खडूधूळ

हे मात्र खरं. शंभर टक्के.

हिशोबनीस

@प्रभारी_कायमचा, तुमच्यासाठी माझा विरोध मागे. काम प्रत्यक्ष करणाऱ्याला, मग पदनाम काहीही असो, ठरावीक रक्कम मिळावी. ज्येष्ठतेने येणारी वाढ वेगळी आणि ही वेगळी. तुम्ही उद्या प्रभार सोडलात की रक्कम बंद, पुढच्याला सुरू. एवढ्यावर मी सही करेन. यादीतल्या पहिल्याला आपोआप मिळणाऱ्या भत्त्यावर करणार नाही.

वेळापत्रक

म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्याला, प्रभारीसह, एक समान किमान रक्कम. मोठ्या पटाला त्यावर थोडी वाढ. पर्यवेक्षकांनाही. आणि बाईंच्या शंकेसाठी मागणीत स्पष्ट वाक्य, की हा भत्ता कोणत्याही मंजूर पदाच्या बदल्यात नाही. असा मसुदा करतो. सध्याचा आकडा मूळ वेतनाच्या १० टक्के.

निवृत्त_बाई

वाक्य घाला. शासन निर्णयात ते टिकेल असं मला वाटत नाही, पण घाला. आणि १० टक्के 'मूळ वेतनाच्या' नको. प्रभारी बहुधा तरुण असतो, त्याचं मूळ वेतन कमी. ठोक रक्कम लिहा.

टीईटी_ग्रस्त

सगळे भत्त्यात रमलेत म्हणून आठवण करून देतो. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते आठवीच्या शिक्षकाला बढती हवी असेल तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण लागते. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरलेल्यांची नोकरी वाचली, पण बढतीसाठी त्यांनाही सूट नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेलाय, तो वेगळा. आमच्या प्राथमिक शाळेत यादीतल्या पहिल्या चौघांपैकी एकही टीईटी उत्तीर्ण नाही. भत्ता वीस हजार केलात तरी घेणार कोण?

वेळापत्रक

प्रभारी.

प्रभारी_कायमचा

धन्यवाद. तीच तर माझी तक्रार आहे. मसुद्यात ठोक रक्कम कितीची लिहिताय ते आधी इथे टाका. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे शाळांच्या गटातल्या, बाकी प्रभारींनाही दाखवतो.